जुन्या लोहमार्गावरील पाऊलवाट आणि शाळेची सहल

(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेची सहल काढावयाची ठरली की पहिला प्रश्न येतो, "कोठे जावयाचे?" दुसरा येतो, "दरडोई खर्च किती?" तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो असा, की "वर्गातील कोणते मूल मागे राहणार?" पटावर चाळीस नावे आणि सहलीस निघालेली मुले पंचवीसच, हा अनुभव बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. मागे राहिलेल्यांपैकी काहींच्या घरी वर्गणी भरण्याची ऐपत नसते, काही मुलींस घरून अनुमती मिळत नाही, आणि एखाद्या मुलाच्या पायांत बळ नसते, म्हणून "याला कोण सांभाळणार?" असा विचार होऊन त्याचे नाव हळूच गाळले जाते. दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीवर निबंध लिहावयास सांगतात, तेव्हा हे मूल आपल्या वहीत काय लिहीत असेल, याची कल्पना प्रत्येक शिक्षकाने एकवार करून पाहावी.

आजच्या व्याख्यानात ज्या वाटेची माहिती द्यावयाची आहे, तिचा या तिसऱ्या प्रश्नाशी निकटचा संबंध आहे. ही वाट म्हणजे बंद पडलेल्या लोहमार्गावर तयार केलेली पक्की पाऊलवाट होय. रूळ काढले, खडी सारखी केली, वर डांबराचा गुळगुळीत थर दिला, आणि जेथून पूर्वी आगगाडी जात असे तेथून आता माणसे पायी व सायकलीवर जाऊ लागली, असे अनेक देशांत घडले आहे. अशा वाटेवर कुटुंबेच्या कुटुंबे सुटीच्या दिवशी जातात. त्या वाटेत असे काय आहे, आणि हिंगोली जिल्ह्यातील खेड्यातल्या शिक्षकाने त्यातून काय घ्यावे, हे क्रमाने पाहू.

आगगाडीचा उगम इंग्लंडात झाला आणि लोहमार्गांचे जाळेही तेथे फार दाट विणले गेले. पुढे मोटारींचा प्रसार वाढला, तेव्हा त्यांपैकी पुष्कळ मार्ग तोट्यात चालू लागले. 1963 साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा रेल्वेविषयक अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्या देशातील शेकडो स्थानके व हजारो मैलांचे मार्ग बंद करण्यात आले. ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांस जोडणारा मिडलँड रेल्वेचा मार्ग हा त्यांपैकीच एक. 1869 साली सुरू झालेल्या या मार्गावरील उतारूंची वाहतूक 1966 साली थांबली. काही वर्षांनी मालगाड्याही थांबल्या आणि तेथे काटेरी झुडपे माजली.

1977 साली ब्रिस्टल शहरात सायकल वापरणाऱ्या नागरिकांची एक संघटना स्थापन झाली. तिच्या स्वयंसेवकांनी फावडी व घमेली हाती घेऊन, 1979 साली बाथ ते बिटन हा सुमारे 8 किलोमीटरांचा पहिला टप्पा तयार केला. पुढे काम वाढत गेले आणि 1986 पर्यंत संपूर्ण वाट सिद्ध झाली. तिची लांबी 13 मैल, म्हणजे सुमारे 21 किलोमीटर आहे आणि रुंदी सुमारे 3 मीटर आहे. एव्हन नदीवरील रेल्वेचे जुने पूल आता पादचाऱ्यांच्या कामी येतात. स्टेपल हिल येथे सुमारे 470 मीटर लांबीचा बोगदा आहे. त्यात दिवे लावलेले आहेत, आणि ज्या बोगद्यातून एके काळी धूर ओकीत इंजिने जात, त्यातून आज लहान मुले आपल्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकत जातात. बिटन येथे रेल्वेप्रेमी मंडळींनी थोडा लोहमार्ग जतन करून जुन्या गाड्या चालू ठेवल्या आहेत. काही अंतरापर्यंत तो मार्ग आणि ही वाट शेजारी शेजारी जातात. त्यामुळे मुलास एकाच वेळी जुने आणि नवे, दोन्ही पाहावयास मिळते.

सहकुटुंब जाणारी मंडळी हे सर्व 21 किलोमीटर चालत नाहीत. एखाद्या जुन्या स्थानकापासून निघावे, दोन-तीन किलोमीटर जावे, बोगदा किंवा पूल पाहावा, सावलीत बसून शिदोरी सोडावी आणि आल्या वाटेने परतावे, इतकेच ते करतात. एखादे तान्हे मूल बाबागाडीत असते, आजोबा चाकांच्या खुर्चीत असतात, आणि पाच वर्षांची मुलगी नव्यानेच शिकलेली सायकल चालवीत पुढे असते. तिघेही एकाच वाटेवर, एकाच वेळी जाऊ शकतात. पलीकडच्या रस्त्यावर मोटारी धावत असतात. या वाटेवर त्यांस मज्जाव असतो.

असे का होऊ शकते? या प्रश्नाचे उत्तर आगगाडीच्या रचनेत आहे, आणि ते वर्गात शिकविण्याजोगे आहे. आगगाडीचे चाक पोलादी व रूळही पोलादी. या दोहोंतील घर्षण अल्प असल्यामुळे सपाट मार्गावर एक इंजिन शेकडो टन ओझे सहज ओढून नेते. परंतु ज्या अल्प घर्षणाचा सपाटीवर लाभ होतो, तेच चढावर अडचणीचे ठरते. चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून लोहमार्ग आखणाऱ्या अभियंत्यास चढ अतिशय मंद ठेवावा लागतो. 100 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर, म्हणजे 1:100, हा चढसुद्धा गाडीच्या दृष्टीने दखल घेण्याजोगा मानतात. जेथे जमीन खोल असेल तेथे मातीचा भराव घालावयाचा, जेथे उंच असेल तेथे खोदून वाट काढावयाची, डोंगर आडवा आला तर बोगदा पाडावयाचा आणि ओढा आला तर मोरी बांधावयाची, हा सारा खटाटोप त्यासाठीच असतो. वळणेही एकदम न घेता मोठ्या अंतरात सावकाश घेतलेली असतात.

इंजिनाच्या या दुर्बलतेसाठी शेकडो मजुरांनी जी वाट सपाट केली, ती रूळ निघून गेल्यावर दुर्बल पायांच्या उपयोगी पडते. गाडीस जो चढ सोसवत नव्हता तो वाटेत नसल्यामुळे, वृद्धास दम लागत नाही आणि चाकांची खुर्ची ढकलणाऱ्याचे हात भरून येत नाहीत. शिक्षकांनी ध्यानी घेण्याजोगी मुख्य गोष्ट हीच आहे. वाट आखताना जर सर्वांत दुर्बळ प्रवाशाचा विचार झाला असेल, तर ती वाट सर्वांसच सोयीची होते. वर्गाची सहल आखतानाही हेच सूत्र लागू पडते.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय ते स्पार्टा ही सुमारे 32 मैलांची वाट 1960 ते 1970 या दशकात अशाच रीतीने तयार झाली. तीत तीन जुने बोगदे आहेत. सिंगापुरात मलायाकडून येणारा लोहमार्ग 30 जून 2011 रोजी बंद झाला आणि त्याची सुमारे 24 किलोमीटरांची जागा लोकांच्या फिरण्यासाठी राखून ठेवण्यात आली. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसही सुटीच्या दिवशी ही वाट उपलब्ध आहे. हिंगोलीच्या शिक्षकास यात विशेष वाटावे असे एक कारण आहे. सिंगापूरचा तो मार्ग मीटर गेज होता. आणि हिंगोलीची जुनी गाडीही मीटर गेजच होती.

हिंगोली जिल्ह्याची रेल्वेची कथा विद्यार्थ्यांस सांगण्यासारखी आहे. निजामाच्या राजवटीत पूर्णा जंक्शनपासून वसमतमार्गे हिंगोलीपर्यंत सुमारे 80 किलोमीटरांचा फाटा टाकण्यात आला. हिंगोली हे त्या फाट्याचे शेवटचे स्थानक होते. गाडी तेथेच का थांबत असे, हा प्रश्न मुलांस विचारावा. हिंगोलीच्या उत्तरेस पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागतो. त्या काळी तेथील कारभार इंग्रजांकडे होता. एका राजवटीची गाडी दुसऱ्या राजवटीच्या सीमेपाशी येऊन थबकली होती. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, आणि स्वातंत्र्योत्तर काळात हा मार्ग वाशीम, अकोला व पुढे खंडव्यापर्यंत जोडला गेला. तेव्हा दक्षिण व उत्तर भारत यांच्यामधील मीटर गेजचा एक महत्त्वाचा दुवा हिंगोलीवरून जाऊ लागला. या मार्गाने राजस्थानाकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस गावोगावच्या वृद्धांस अद्याप आठवत असेल. 2008 साली पूर्णा ते अकोला हा मार्ग रुंद होऊन ब्रॉड गेज झाला. म्हणजे हिंगोलीचा लोहमार्ग बंद पडलेला नाही. तो रुंद झाला आणि आजही त्यावरून गाड्या धावतात. हे वाक्य मुलांच्या मनावर ठसविणे अत्यंत आवश्यक आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

अकोल्याच्या पलीकडची स्थिती निराळी आहे. अकोट ते खंडवा या दिशेने जाणारा जुना मीटर गेज मार्ग मेळघाटच्या अरण्यातून जात असे. धुळघाट परिसरात चढ मंद ठेवण्यासाठी तो मार्ग डोंगराभोवती असा फिरविला होता, की गाडी वळसा घालून आपल्याच खालच्या मार्गावरून पुढे जाई. चढ कमी ठेवण्यासाठी अभियंते काय करतात, याचे महाराष्ट्रातील हे उत्तम उदाहरण होय. 2017 च्या आरंभी रुंदीकरणासाठी अकोला-खंडवा वाहतूक थांबली. अकोला-अकोट हा भाग रुंद होऊन पुन्हा सुरू झाला; परंतु पुढचा मार्ग व्याघ्र प्रकल्पातून न्यावा की बाहेरून वळवावा, यावर पुष्कळ वाद झाला आणि बाहेरून वळविण्याचा पर्याय पुढे आला. विदर्भात मूर्तिजापूर-यवतमाळ व मूर्तिजापूर-अचलपूर हे 'शकुंतला' या नावाने प्रसिद्ध असलेले अरुंद मार्गही बंद पडले. तेथील लोकांची मागणी पाऊलवाटेची नसून गाडीची आहे, आणि ती स्वाभाविक आहे. ज्या गावी कापूस आणि माणसे नेण्यास स्वस्त साधन हवे आहे, तेथे प्रथम गाडी. गाडी येणे अशक्य ठरले तरच वाट.

या दोहोंचा मेळ घालण्याची एक युक्ती अमेरिकेने योजिली आहे. 1983 साली तेथे कायद्यात अशी तरतूद करण्यात आली, की बंद पडलेल्या लोहमार्गाची पट्टी तुकडे तुकडे करून न विकता पाऊलवाट म्हणून सलग राखावी, आणि पुढे गरज भासल्यास तीवर पुन्हा रूळ टाकण्याचा हक्क कायम असावा. मोडलेली वाट पुन्हा जुळविणे किती कठीण असते, हे शेतकऱ्याच्या मुलास समजावून सांगावे लागत नाही. पांदण एकदा नांगरली गेली की ती पुन्हा मोकळी करण्यास किती वर्षे व किती भांडणे लागतात, हे त्याने घरीच ऐकलेले असते. लोहमार्गाचेही तसेच आहे. नागरिकशास्त्राच्या पाठात सार्वजनिक मालमत्ता शिकविताना या दोन उदाहरणांचा उपयोग करावा.

आता प्रश्न असा, की हिंगोली जिल्ह्यातील शिक्षकाने काय करावे? ब्रिस्टलची वाट वा सिंगापूरची वाट त्याच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यात नाही. परंतु त्या वाटेचे गुण आवाक्यात आहेत. चढ मंद, पृष्ठभाग पक्का, वाहनांस मज्जाव, अंतर थोडे, आणि वाटेत पाहण्याजोगे काहीतरी, असे हे पाच गुण. यांचा अभ्यास शाळेच्या पटांगणातच सुरू करता येतो.

प्रथम पटांगणावर खडूने किंवा चुन्याने दोन समांतर रेषा ओढाव्यात, एकमेकींपासून बरोबर 1 मीटर अंतरावर. हा मीटर गेज. त्याच्या शेजारी 1 मीटर 67.6 सेंटिमीटर अंतराच्या दोन रेषा ओढाव्यात. हा आजचा ब्रॉड गेज. दोहोंच्या मध्ये मुलांस शेजारी शेजारी उभे करावे आणि कोणत्या मार्गात किती मुले मावतात ते मोजावे. रुंदीकरण म्हणजे काय, हे शब्दांनी समजाविण्यास अर्धा तास लागेल. रेषांनी ते क्षणात समजते. आजी-आजोबांस त्यांच्या लहानपणीच्या गाडीविषयी पाच प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणण्यास सांगावे. गावात लोहमार्ग नसला तरी हरकत नाही. बाजारास, यात्रेस किंवा कामासाठी गाडीने गेलेले कोणी ना कोणी प्रत्येक घरी सापडते.

दुसरा उपक्रम चढ मोजण्याचा. गवंडी पातळी पाहण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, तिला ते लेव्हल पाईप म्हणतात. अशी नळी गावातील गवंड्याकडून तासाभरासाठी मागून आणावी. शक्य झाल्यास त्या गवंड्यासच शाळेत बोलवावे. शाळेच्या फाटकापासून 10 मीटर अंतर मोजावे. दोन्ही टोकांस नळी उभी धरली असता पाणी सारख्या पातळीवर येते. दोन्हीकडे जमिनीपासून पाण्याची उंची मोजून फरक काढावा. 10 मीटरांत फरक 10 सेंटिमीटर आला तर चढ 1:100, म्हणजे आगगाडीस चालणारा. सुमारे 27 सेंटिमीटर आला तर तो 1:37, म्हणजे बोरघाटातील सर्वांत तीव्र चढाइतका. 50 सेंटिमीटर आला तर 1:20, म्हणजे नेरळहून माथेरानला चढणाऱ्या लहान गाडीच्या मार्गाइतका. आणि सुमारे 83 सेंटिमीटर आला तर 1:12, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यास दिव्यांग मुलांसाठी जो उतार बांधतात त्याइतका. गणित, भूगोल व परिसर अभ्यास असे तीन विषय येथे एकत्र येतात.

या मोजमापातून मुलांस आणखी एक गोष्ट कळेल. 1:12 चा उतार व्हरांड्यापुरता, चार-पाच मीटरांपुरता ठीक असतो. तसाच चढ अर्धा किलोमीटर असेल, तर चाकांची खुर्ची ढकलणारा थकून जाईल. अंतर वाढले की चढ मंद हवा. मग मुलांनीच गावातील वाटा मोजाव्यात. शाळेपासून ग्रामपंचायतीपर्यंतचा सिमेंटचा रस्ता, मंदिराच्या आवारातील फरशी, बाजार समितीचे मोकळे आवार, यांपैकी कोणती वाट वर्गातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या मुलास जमेल, ते त्यांनी ठरवावे. कोठे मध्येच पायरी आहे, कोठे नालीवरचे झाकण तुटले आहे, कोठे वाळू टाकून ठेवली आहे, याची यादी करावी आणि ती मुलांच्या स्वाक्षऱ्यांसह ग्रामपंचायतीस द्यावी. एखाद्या गावी एखादे झाकण जरी त्यामुळे बसले, तरी नागरिकशास्त्राचा तो पाठ कायमचा लक्षात राहील.

तिसरा उपक्रम प्रत्यक्ष सहलीचा. जवळच्या रेल्वे स्थानकास भेट द्यावयाची असल्यास स्टेशन मास्तरांची अनुमती अगोदर लेखी घ्यावी. गाडी येण्याच्या वेळेच्या पुष्कळ आधी पोहोचून मुलांस फलाटावर मागील भिंतीलगत बसवावे. घंटा, सिग्नल, वेळापत्रक, तिकिटाची खिडकी आणि मालधक्का या गोष्टी बसल्या जागेवरून दाखविता येतात. गाडी आली की डबे मोजावेत. परतल्यावर वेळापत्रकावरून हिंगोली ते वसमत हा प्रवास गाडीस किती मिनिटे लागतो आणि तेवढ्यात पायी माणूस किती जाईल, असे हिशेब घालावेत. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यांतील ज्या मुलांनी आगगाडी जवळून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी तर ही अर्ध्या दिवसाची सहल दूरच्या प्रवासाइतकी मोलाची ठरेल.

येथे सावधगिरीचा शब्द कठोरपणे सांगणे भाग आहे. जुन्या लोहमार्गावरील पाऊलवाटेची चित्रे पाहून रुळांवरून चालण्याची इच्छा मुलांस होणे संभवते. म्हणून आरंभीच भेद स्पष्ट करावा. पाऊलवाट ही रूळ काढल्यावर, मालकाच्या अनुमतीने, लोकांसाठी तयार केलेली असते. रूळ असलेला मार्ग, मग त्यावरून दिवसातून एकच गाडी जात असो, तो चालण्याची जागा नव्हे. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे 1989 च्या रेल्वे अधिनियमान्वये दंडनीय आहे. परंतु दंडाच्या भीतीपेक्षा कारण सांगणे अधिक परिणामकारक होते. वेगात असलेल्या गाडीस ब्रेक लावला तरी ती थांबेपर्यंत शेकडो मीटर पुढे जाते, कारण ज्या अल्प घर्षणामुळे ती सहज धावते, त्यामुळेच ती लवकर थांबत नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा आवाजही जुन्या इंजिनांसारखा दुरून येत नाही. ज्या मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे, तेथे वरील तारेत 25,000 व्होल्टचा प्रवाह असतो. उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढणाऱ्यास तारेला स्पर्श न होताही धक्का बसू शकतो. शेताकडे जाताना किंवा शाळेस येताना ज्या मुलांस लोहमार्ग ओलांडावा लागतो, त्यांची नावे शिक्षकांनी स्वतः लिहून घ्यावीत, त्यांच्या पालकांशी बोलावे आणि फाटकाची किंवा भुयारी मार्गाची वाट लांब पडत असली तरी तिनेच येण्याचा आग्रह धरावा. बंद पडलेल्या मार्गांवरही परस्पर जाऊ नये. ती जमीन रेल्वेची असते, जुने पूल कमकुवत झालेले असतात, आणि मेळघाटासारख्या ठिकाणी ते वाघाचे अरण्य आहे.

ज्या शाळांस दूरची सहल काढणे शक्य आहे, त्यांनी नागपूर येथील मोतीबाग भागातील अरुंद लोहमार्गाचे संग्रहालय विचारात घ्यावे. 2002 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात जुनी लहान इंजिने व डबे ठेवलेले आहेत. तेथे जाण्यापूर्वीही तोच तिसरा प्रश्न विचारावा, आणि उत्तर समाधानकारक येईपर्यंत सहलीची तारीख निश्चित करू नये.

सहल गावातली असो वा परगावची, पुढील गोष्टी पाळाव्यात. शिक्षकाने निवडलेली वाट आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावी, आणि तीही ज्या वेळी मुले जाणार त्याच वेळी. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत परत यावे. जाऊन-येऊन अंतर पहिली-दुसरीसाठी एक किलोमीटरच्या आत व मोठ्या मुलांसाठी तीन किलोमीटरांच्या आत असावे. रांगेच्या पुढे चपळ मुलांस न ठेवता सर्वांत हळू चालणाऱ्या मुलास ठेवावे. मग सारी रांग त्याच्या पावलाने चालते आणि कोणी मागे पडत नाही. प्रत्येक मुलास एक जोडीदार द्यावा. पिण्याचे पाणी, मीठ-साखर आणि प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी. निघताना, थांबल्यावर व परतताना अशी तीन वेळा मोजणी करावी. दोन-तीन मातांस सोबत येण्याची विनंती करावी. मातेची सोबत असली की ज्या मुलींस घरून अनुमती मिळत नाही त्यांचीही अडचण बहुधा दूर होते. आणि शक्यतो वर्गणी घेऊच नये. ज्या सहलीस पैसा लागत नाही, तिच्यातून पैशाअभावी कोणी गळत नाही.

अशा लहान सहलीस सहल म्हणावे काय, अशी शंका काही जण घेतील. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात काम करताना पाहिले, की गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. तेव्हा त्यांनी गुरे चरत त्या कुरणातच शाळा नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मुलास शाळेजोगे करण्याआधी शाळेस मुलाजोगे करावे, हा त्यामागील विचार होता. सहलीबाबत तोच विचार केला, तर अंतर किती गाठले यापेक्षा किती मुले बरोबर गेली, हीच सहलीची खरी मोजणी ठरते.

तेव्हा येत्या सत्रात प्रत्येक शाळेने एक गोष्ट करावी. आपल्या गावात एक किलोमीटर लांबीची, मंद चढाची, पक्की व निर्धोक अशी एक वाट शोधावी, मुलांकडून ती मोजून घ्यावी आणि तिचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावावा. मग पटावरील एकूण एक मुलास घेऊन त्या वाटेने जावे. परत आल्यावर सहलीच्या नोंदवहीत दोन आकडे लिहावेत, एक पटावरील संख्येचा आणि दुसरा सहलीस गेलेल्यांचा. ते दोन आकडे ज्या दिवशी सारखे येतील, त्या दिवशी निबंधाचा विषय निःशंकपणे 'आमची सहल' असा द्यावा. कारण तो लिहिण्याचा अधिकार त्या दिवशी वर्गातील प्रत्येक मुलास असेल.